दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: १४०० किमी जास्त उडून दोन तास आधी पोचलेलं विमान

१६ ऑक्टोबर २०१६, रविवार, पहाटे चारच्या सुमारास एअर इंडियाचं बोइंग ७७७-२००एलआर दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. ही फ्लाइट डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हापासून पश्चिमेला जायची, म्हणजे युरोप, मग अटलांटिक, मग अमेरिका. त्या दिवशी मात्र ती पूर्वेला वळली, बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान करत पॅसिफिक ओलांडला आणि साधारण साडेचौदा तासांत सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. या रस्त्याने अंतर पडलं साधारण १५,३०० किमी. जुना अटलांटिकचा रस्ता होता १३,९०० च्या आसपास आणि त्याला साडेसोळा तास लागायचे, कधी थोडे मागेपुढे. म्हणजे १४०० किमी जास्त उडायचं आणि तरी दोन तास आधी पोचायचं.

हे प्रकरण नीट उलगडून लिहायचं कारण असं की आपल्याकडे पुणे-मुंबईच्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी बे एरियात आहे, आईबाबा उन्हाळ्यात तिकडे जातात, आणि तिकीट काढायच्या आधी पहिला प्रश्न हाच असतो, अंतर किती आणि वेळ किती. मग कोणीतरी नेटवर दोन एअरपोर्टची नावं टाकतं, एक आकडा येतो, तो फॅमिली ग्रुपवर पडतो आणि सगळे तो धरून बसतात. तो आकडा कुठून येतो आणि विमान तसं का उडत नाही हे या एका फ्लाइटवरून इतकं स्वच्छ दिसतं की मला दुसरं इतकं चांगलं उदाहरण माहीत नाही.

आधी तो आकडाच घेऊ. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण १२,३७० किमी. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन्ही एअरपोर्टमध्ये दोरा घट्ट ताणला तर तो जिथून जाईल ती रेषा, तिला ग्रेट सर्कल म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही रेषा कधीच कळत नाही, तिथे वाटतं की दिल्लीहून डावीकडे युरोपवरून तरी जायचं नाहीतर उजवीकडे जपानवरून. गोलावर दोरा लावून बघा, तो जवळपास सरळ वर जातो! दिल्लीतून उत्तरेला किंचित पूर्वेकडे झुकून तिबेट, शिनजियांग, सैबेरिया, मग आर्क्टिक समुद्रात ७५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्कावरून कॅलिफोर्नियात उतरतो. नेटवरचे बहुतेक कॅल्क्युलेटर हेच १२,३७० घेतात, ८५० च्या आसपासच्या वेगाने भागतात, टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास मिळवतात आणि सांगतात १५ तास. उत्तर पटण्यासारखं असतं म्हणून कोणी शंका घेत नाही. पण २०१५ ला ही फ्लाइट १५ तासांची नव्हती आणि २०१६ ला पण नव्हती, आणि ज्या रेषेवरून हे १५ आले त्या रेषेवरून ती तेव्हा जातही नव्हती.

का नव्हती, तर पहिलं कारण दिल्लीच्या उत्तरेलाच उभं आहे. हिमालय आणि तिबेट. विमान ३५ हजार फुटांवर असतं, डोंगर खाली राहतात, मग अडचण काय असं वाटू शकतं. अडचण येते केबिनचं प्रेशर गेलं तर. डोक्यावरून जे ऑक्सिजन मास्क पडतात त्यांचा ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो, तेवढ्यात पायलटला विमान १० हजार फुटांपर्यंत खाली आणायचं असतं कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. आणि तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे १५ हजार फुटांच्या आसपास, त्यावर डोंगर वेगळे. खाली यायला जागाच नाही. म्हणून तिथून जायचं तर आधीपासून आखलेल्या सुटकेच्या वाटा लागतात, जास्तीचा ऑक्सिजन लागतो, त्यामुळे बहुतेक फ्लाइट त्या भागाला वळसा घालतात. दोऱ्याची रेषा तिथेच मोडली.

आता त्या ऑक्टोबरच्या रस्त्याकडे. साधं गणित करा. पॅसिफिकवरून १५,३०० किमी साडेचौदा तासांत, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने ताशी १०५५ किमी. अटलांटिकवरून १३,९०० किमी साडेसोळा तासांत, म्हणजे ताशी ८४२. विमान तेच, इंजिनं तीच, पायलट दोन्हीकडे साधारण तोच वेग ठेवतात, हवेतून ताशी ९०० च्या आसपास. एकीकडे दीडशे वाढले आणि दुसरीकडे साठेक कमी झाले. हा सगळा फरक वाऱ्याचा. नदीत प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याचं आणि उलटं पोहणाऱ्याचं जसं होतं तसंच, हात तेवढेच मारायचे पण काठ वेगवेगळ्या वेगाने मागे सरकतो.

आणि इथेच या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो जो बहुतेक बातम्यांत निसटून गेला. विमानाला जमिनीवरचे किलोमीटर मोजावे लागत नाहीत, ते हवेतून किती गेलं तेवढंच त्याच्या टाकीला कळतं. साडेचौदा तास गुणिले ९०० म्हणजे १३,०५०. साडेसोळा गुणिले ९०० म्हणजे १४,८५०. म्हणजे हवेच्या हिशोबाने पॅसिफिकचा "लांबचा" रस्ता १८०० किमीने जवळचा होता. फ्लाइट प्लॅन करणारे डिस्पॅचर रोज हेच बघतात, नकाशावरचं अंतर त्यांच्यासाठी अर्धीच माहिती. आणि हे विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं, दोन तास वाचले म्हणजे चौदा-पंधरा टन इंधन वाचलं, तेवढं कमी भरायचं म्हणजे टेकऑफला विमान तेवढं हलकं, म्हणजे जास्त माणसं आणि सामान घेता येतं. दिल्लीच्या गरम हवेत हे फार महत्त्वाचं कारण हवा तापली की पातळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, उत्तर गोलार्धात साधारण ३० ते ६० अक्षांशांच्या मधे नागमोडी फिरत असतो. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक जितका जास्त तितका हा जोरात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो पूर्वेकडे वळतो. म्हणून हिवाळ्यात तो बलवान, उन्हाळ्यात मंद आणि उत्तरेला सरकलेला. बरेच जण सांगतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, पृथ्वी खालून पुढे येते ना. नाही येत, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत आहे. फरक पडतो तो हवा जमिनीपेक्षा वेगाने धावते तिथेच.

जपानच्या पूर्वेला हा पट्टा जगात सगळ्यात जोरदार असणाऱ्या जागांपैकी आहे. तो पहिल्यांदा पद्धतशीर मोजला तोही जपानमध्येच, वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून. त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, जगभरातल्या लोकांना वाचता यावा म्हणून, आणि बाहेर तो जवळपास कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-२९ विमानं जपानवर पोचली तेव्हा पायलटांना कळेना की समोरून एवढा वारा कुठून येतोय, आणि त्याच वेळी जपानी सैन्य त्याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडत होतं. त्याच पट्ट्यात बसून आज आपले आजीआजोबा नातवंडांकडे जातात याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

मग एक प्रश्न राहतो, २०१५ पासून आधीच पूर्वेकडून का नाही गेले? पॅसिफिक म्हणजे हजारो किमी नुसतं पाणी, आणि विमान दोन इंजिनांचं. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर उडून ठरलेल्या वेळात कुठल्या तरी एअरपोर्टला पोचता आलंच पाहिजे असा नियम आहे, त्याला इटॉप्स म्हणतात, आणि ती परवानगी विमान आणि कंपनी दोघांनाही लागते. पॅसिफिकच्या उत्तर भागात अशा जागा म्हणजे अलास्कातलं कोल्ड बे, मिडवे बेट वगैरे. कोल्ड बे शंभराच्या आत वस्तीचं गाव आहे पण धावपट्टी तीन किमीहून लांब, कारण ती युद्धात बांधलेली. दिल्लीहून निघालेल्या विमानाच्या कागदांत अशा गावांची नावं असतात, प्रवाशांना त्यांचा कधी पत्ताही लागत नाही. शिवाय पॅसिफिकवर रोजच्या वाऱ्याप्रमाणे रस्ते आखले जातात, जपानमधलं फुकुओका आणि कॅलिफोर्नियातलं ओकलंड इथली कंट्रोल सेंटर ते रोज काढतात, अटलांटिकवर तेच काम कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही सेंटर करतात. म्हणजे "दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को रूट" असा एक कायमचा रस्ता नाहीच, निघायच्या काही तास आधी कॉम्प्युटर चार-पाच रस्ते चालवून बघतो, वारा, वजन, प्रत्येक देशाला द्यायची हवाई हद्दीची फी, बंद हद्दी, सगळं धरून त्या दिवसापुरता एक निवडतात.

त्या फ्लाइटमधला दिवस कसा गेला असेल हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. दिल्लीला पहाटे चार म्हणजे तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोला आदल्या दिवशीची दुपार, साडेतीन. ऑक्टोबरमध्ये फरक साडेबारा तासांचा, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेतेरा. विमान पूर्वेला पळतंय म्हणून सूर्य लवकर भेटतो, तासाभरातच खिडकीत उजेड. जपान मागे पडेपर्यंत दुपार, आणि मग पॅसिफिकवर सूर्य झपाट्याने मागे राहतो, हिशोब केला तर तो अख्खा दिवस जेमतेम सात तासांचा भरतो. मग रात्र, रात्रीतच आंतरराष्ट्रीय तारीखरेषा, १६ तारखेची १५ होते, पुढे मध्यरात्र उलटली की परत १६, आणि उतरताना सकाळचे सहाच्या आसपास, अजून उजाडायचं असतं. घड्याळाप्रमाणे दोन-अडीच तासांत अमेरिका. ब्रेकफास्ट कशाला म्हणायचं आणि जेवण कशाला हे शरीराला कळत नाही, आणि डायबेटिसवाल्यांसाठी ही फार खरी अडचण आहे, त्यावर खाली बोलतो.

परतीचं बघू. माझ्या मावशीने एकदा अगदी बरोबर मुद्दा काढला होता, "अरे जाताना चौदा-पंधरा तास आणि येताना सोळा, रस्ता तोच ना, मग येताना का जास्त?" मी म्हटलं, "अगं मावशी, रस्ता तोच नाहीये, तुम्ही पृथ्वीला प्रदक्षिणा घालून येताय." खरंच तसं होतं. जाताना पूर्वेकडून पॅसिफिकवर, आणि येताना परत पूर्वेकडेच, कॅनडा, अटलांटिक, युरोप करत दिल्ली. दोन्ही वेळा वारा मागून. पॅसिफिकवरूनच परत यायचं ठरवलं असतं तर तोच वारा तोंडावर आला असता आणि हिवाळ्यात तर इंधनही पुरलं नसतं अशी वेळ आली असती. मावशीला प्रदक्षिणा शब्द इतका आवडला की तिने तो बिल्डिंगभर सांगितला.

त्या वेळी नॉनस्टॉप फ्लाइटमध्ये प्रत्यक्ष उडालेल्या अंतरात ही जगात सगळ्यात लांब म्हणून गाजली, त्याआधी दुबई-ऑकलंडचं नाव होतं, साधारण १४,२०० किमी. आता हा मान सिंगापूर-न्यूयॉर्कचा, सरळ मोजलं तरी १५,३४९ किमी. याच ७७७-२००एलआर जातीच्या विमानाने नोव्हेंबर २००५ मध्ये हाँगकाँग ते लंडन उलट्या बाजूने, पूर्वेकडून, पॅसिफिक-अमेरिका-अटलांटिक असं जाऊन २१,६०२ किमी न थांबता कापले होते, २२ तास ४२ मिनिटांत. हाँगकाँग-लंडन सरळ अंतर दहा हजार किमीही नाही! त्यात नेहमीचे प्रवासी नव्हते, बोइंगने विक्रमासाठीच केलेलं उड्डाण होतं ते, पण वाऱ्याबरोबर गेलं की विमान कुठवर जाऊ शकतं ते त्यात दिसलं.

पुढे २०१९. फेब्रुवारीच्या शेवटी बालाकोटनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्याला उघडली, आणि त्यानंतर १५ ऑगस्टला दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट एअर इंडियाने उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून नेली. दोऱ्याच्या रेषेला हा सगळ्यात जवळचा रस्ता. इथे वाऱ्याची मदत फारशी नाही पण विरोधही नाही, आणि अंतर कमी. पण ध्रुवावर वेगळ्याच गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिथे बाहेरची हवा इतकी थंड असू शकते की टाकीतलं इंधन गोठण्याच्या जवळ जातं. आपल्याकडे भरतात त्या जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७ अंश, अमेरिकेत सर्रास मिळतं त्या जेट ए चा उणे ४०, म्हणजे तिकडून येताना मर्यादा आणखी आधी येते. पायलट टाकीचं तापमान बघत राहतो, खाली यायला लागलं तर कमी उंचीवर जिथे हवा जरा गरम आहे तिथे उतरतो किंवा वेग वाढवतो, हवेच्या घर्षणाने पंख थोडे तापतात. होकायंत्र तिथे चुंबकीय ध्रुवाजवळ भरकटतं म्हणून खऱ्या उत्तरेच्या हिशोबाने चालावं लागतं, विषुववृत्तावर उभे असलेले सॅटेलाइट तिथून क्षितिजाखाली जातात म्हणून जुन्या एचएफ रेडिओवर भिस्त, आणि सूर्यावर वादळ असेल तर तोही खरखरतो. कुठे उतरायची वेळ आलीच तर कडाक्याच्या थंडीचे सूट विमानात ठेवावे लागतात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या महिला पायलट असलेल्या क्रूने सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर ही पहिली नॉनस्टॉप फ्लाइट याच ध्रुवीय रस्त्याने आणली, जवळपास १४ हजार किमी, ते आठवत असेल.

मग मुंबईहूनही थेट सॅन फ्रान्सिस्को सुरू झाली, डिसेंबर २०२२ मध्ये. सरळ अंतर साधारण साडेतेरा हजार किमी. मुंबई-पुणेकरांसाठी ही फार मोठी गोष्ट होती कारण त्याआधी दिल्लीला जाऊन, टर्मिनलमध्ये तासन् तास काढून, मग पुढची लांब फ्लाइट असं करावं लागायचं, नाहीतर दुबई-सिंगापूरकडून. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी एक विमान कमी होणं काय असतं ते ज्याने आईला व्हीलचेअरवरून एका गेटवरून दुसऱ्या गेटवर नेलंय त्यालाच माहीत.

पण इथून पुढे अंतर आणि वाऱ्याबरोबर वेळ ठरवणारी तिसरी गोष्ट पुढे आली, परवानगी. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, अमेरिकन कंपन्यांना रशियाची हद्द बंद झाली, आणि युनायटेडने मार्च २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि नेवार्क-मुंबई या फ्लाइट थांबवल्या. एअर इंडियाला रशिया खुला होता, त्यामुळे तेच दोन एअरपोर्ट, पण एका कंपनीला जमणारं आणि दुसरीला न जमणारं. हा फायदा पण फुकटचा नव्हता. ६ जून २०२३ ला दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइटच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि विमान रशियाच्या अति पूर्वेला ओखोत्स्क समुद्राकाठच्या मगदानला उतरवावं लागलं. २१६ प्रवासी आणि १६ क्रू. उतरलं सुखरूप, पण गावात एवढ्या लोकांची सोय नव्हती, हॉटेलं पुरली नाहीत, लोकांना मिळेल तिथे, तात्पुरत्या जागांत झोपावं लागलं. मुंबईहून दुसरं विमान पाठवलं, ते मगदानला जाऊन सगळ्यांना घेऊन ८ जूनला सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. साडेपंधरा-सोळा तासांचा प्रवास दोन दिवसांहून जास्त झाला. कोणाचा हलगर्जीपणा म्हणून नव्हे, नकाशावरची जवळची वाट जिथून जाते तिथे माणसांची वस्तीच विरळ आहे म्हणून. वर कोल्ड बे वगैरे लिहिलं ते नियम कागदावर का असतात ते इथे दिसतं.

आणि एप्रिल २०२५. पहलगामनंतर २४ तारखेला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. नकाशात बघा, दिल्लीच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान, उत्तरेला हिमालय. म्हणजे पश्चिमेला जायचं तर आधी खाली गुजरातकडे, अरबी समुद्र, मग वर. हा वळसा सुरुवातीलाच घालायचा, जेव्हा विमान इंधनाने सगळ्यात जड असतं. उत्तर अमेरिकेच्या काही फ्लाइट युरोपात, व्हिएन्नासारख्या ठिकाणी, इंधन आणि क्रूसाठी थांबायला लागल्या. क्रूचं पण गणित आहे, एवढ्या लांबच्या फ्लाइटला पायलटांचे दोन संच, चार जण असतात, एक जोडी उडवते आणि दुसरी झोपते, तरी एकूण ड्युटीला कमाल मर्यादा आहे, ती ओलांडली की उतरून क्रू बदलण्याशिवाय इलाज नाही. त्याच उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को-मुंबई फ्लाइट कोलकात्याला थांबून मुंबईला यायची. कोलकाता! ज्यांना हे सगळं माहीत नव्हतं त्यांना कळेना की अमेरिकेहून मुंबईला येताना मधे बंगाल कसा लागतो, पण पॅसिफिकवरून पश्चिमेकडे येणाऱ्या विमानाला भारतात पहिलं मोठं शहर तेच लागतं.

एवढं सगळं बघितल्यावर माझं ठाम मत असं की तिकीट विकणाऱ्या साइटवर एकच तास-मिनिटं छापणं पुरेसं नाही, निदान लांबच्या फ्लाइटला तरी मागच्या महिन्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वेळ लागला हे द्यायला हवं. माहिती त्यांच्याकडे असते. ती मिळत नाही तोवर आपण काढू शकतो, आणि फार वेळ लागत नाही. फ्लाइट नंबर कुठल्याही ट्रॅकिंग ॲपवर टाका, मागच्या आठवड्या-दोन आठवड्यांची उड्डाणं दिसतात, कुठल्या बाजूने गेली, मधे कुठे उतरली का, टेकऑफ ते लँडिंग किती वेळ. त्यात गेट ते धावपट्टी आणि परत गेट असा अर्धा-पाऊण तास मिळवा. डिसेंबर-जानेवारीचं तिकीट असेल तर जुलैचे आकडे बघून उपयोग नाही, वारा वेगळा असतो, मागच्या हिवाळ्याचे शोधा. थांबा असेल तर बहुतेक वेळा प्रवाशांना विमानातून उतरवत नाहीत, म्हणजे तो तास-दीड तास पण सीटवरच जातो, तोही धरा.

आणि औषधं. आईबाबांच्या डॉक्टरला "फ्लाइट पंधरा तासांची आहे" एवढंच सांगू नका. घरातून निघाल्यापासून तिकडे घरी पोचेपर्यंत एकूण तास किती, त्यात घड्याळ किती सरकणार, आणि पूर्वेकडून जाणार की पश्चिमेकडून, हे सांगा, कारण इन्सुलिनच्या वेळा घड्याळावर लावायच्या की तासांच्या अंतरावर हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. फ्लाइट लांबली, कुठे उतरावं लागलं, तर निदान दोन दिवसांची औषधं हातातल्या बॅगेत हवीत, चेक-इन बॅगेत नकोत, मगदानला उतरलेल्या माणसांना आपल्या मोठ्या बॅगा हाताशी नव्हत्या. प्रिस्क्रिप्शनची एक प्रिंट इंग्रजीत बरोबर ठेवा. तासातासाला उठून चालायला सांगा, आइल सीट त्यासाठीच मागायची, खिडकीचा मोह त्यांना होतोच पण मधल्या दोन माणसांना उठवायला नको म्हणून आपली माणसं दहा-दहा तास जागची हलत नाहीत. पाणी प्यायला पण याच कारणाने टाळतात, सारखं उठावं लागेल म्हणून, तेही आधीच बोलून ठेवा.